जोत्यातली ओल: नागपुरातल्या तळमजल्यासाठी, एका ऑगस्टपासून पुढच्या ऑगस्टपर्यंत

आमच्या घराची पुढची भिंत मी दोनदा रंगवून घेतली, दोन्ही वेळा दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत. पहिल्यांदा मिस्त्रीनं पोपडे खरडले, पुट्टी ओढली आणि वर महागातला रंग मारला. "भाऊ, आता काई होत नाही," असं सांगून गेला. मे महिन्यात भिंत पापडासारखी कडक होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सोफ्याच्या मागं पहिला फुगा आला आणि पोळ्यापर्यंत गुडघाभर उंचीचा पट्टा सुटला. दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला, खाली तीन फूट टाइल्स लावल्या. ओल टाइल्सच्या मागून चढली आणि बरोबर त्यांच्या वर, चौथ्या फुटाला बाहेर आली.

आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "रंगवाल्याला बोलावण्याआधी कूलर हलव." तिचं म्हणणं पूर्ण बरोबर नव्हतं, पण माझ्यापेक्षा बरंच बरोबर होतं.

चूक रंगात नव्हती, महिन्यात होती. आपल्याकडं वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. भिंतीच्या पोटात सगळ्यात जास्त पाणी असतं ते दसऱ्याला, आणि आपण नेमकी तेव्हाच ती रंगानं बंद करतो. उलट मेअखेरच्या नवतपात 45 अंशांच्या उन्हात तीच भिंत इतकी वाळते की रोग बरा झाल्यासारखा वाटतो. म्हणून हा लेख महिन्यांच्या क्रमानं लिहिलाय: ओल ऑगस्टात ओळखायची, बाहेरचं काम दिवाळीनंतर करायचं, भिंत उन्हाळ्यात उघडी ठेवायची आणि रंग सगळ्यात शेवटी.

जोत्याच्या पोटात काय असतं

घराखालच्या ओलीचे परदेशी व्हिडिओ पाहिले तर माणूस पोटावर रांगत जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत शिरतो, जमिनीवर पन्नी अंथरतो आणि बाहेर येतो. तिकडं बरीच घरं लाकडी तक्तपोशीवर उभी असतात, म्हणून खाली पोकळी. आपलं जोतं भरीव. चारी बाजूंनी विटांची किंवा दगडाची भिंत, मधे मुरूम, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीटचा थर आणि वर फरशी. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत पाया खोदताना निघालेली काळी मातीच परत जोत्यात ढकललेली असते, कारण ती फुकट असते.

ही माती खरा खलनायक. शहराचा पश्चिमेकडचा भाग बेसाल्टवर बसलाय आणि बेसाल्टची झीज होऊन काळी कापसाची माती होते. पाणी मिळालं की तिच्यातली चिकणमाती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात घराच्या कडेनं वाकून पाहा. माती जोत्यापासून सुटून बोट जाईल एवढी फट पडलेली दिसते, काही ठिकाणी तर अख्खी हातभर खोल. जूनचा पहिला दणका येतो तेव्हा छपरावरून पडलेलं पाणी सरळ त्या फटीतून पायाशी उतरतं. मग माती फुगून फट मिटते आणि आत गेलेलं पाणी आतच राहतं. तिथून ते विटांच्या बारीक रंध्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं.

याला अडवायला बांधकामाच्या वेळी जोत्याच्या माथ्यावर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, घालतात. सरकारी कामांत ती 40 मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटची, त्यात वॉटरप्रूफिंग मिसळून आणि वर गरम डांबराचा हात देऊन करायची असते. खासगी कामात "प्लिंथ बीम (जोत्यावरची काँक्रीटची तुळई) आहेच ना" म्हणून ती वगळली जाते. बीमनं भिंतीची वाट अडते हे बऱ्याच अंशी खरं. पण कित्येक घरांत नंतर अंगण भरून उंच केलं जातं, माती बीमच्या वर येते, आणि मग बीम असून नसल्यासारखा.

ऑगस्ट: ओल कुठून येते ते ओळखा

ओलीच्या चार जाती आहेत आणि चौघींचा इलाज वेगळा. चढती ओल जमिनीतून वर येते. बाजूची ओल, घराला टेकलेल्या ओल्या मातीतून किंवा अंगणातून. गळती म्हणजे नळ, मोरी, टाकं, सेप्टिक टँक. आणि चौथा घाम, तो मुळी जमिनीतून येतच नाही, हवेतून येतो. ठेकेदाराला फोन करण्याआधी घरच्या घरी या तपासण्या करा. खर्च पन्नी, चिकटपट्टी आणि पेन्सिल एवढाच.

पहिली तपासणी पेन्सिलची. ओलीची वरची कड जिथं दिसते तिथं बारीक रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. सगळ्या भिंतीला साधारण एकाच उंचीवर, जमिनीपासून तीनेक फुटांच्या आत लाटेसारखी कड असेल, वर पांढरी भुकटी फुललेली असेल, तर ती चढती ओल. ती भुकटी म्हणजे लोणा, मातीतून पाण्याबरोबर आलेले क्षार. एकाच जागी गोलसर डाग असेल आणि मेमध्येही तो पूर्ण जात नसेल, तर गळती. मागं मोरी किंवा पाइप आहे का पाहा.

दुसरी फॉइलची. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल तर तो हवेचा घाम. ही साधी तपासणी मी आधी केली असती तर मागच्या खोलीवर केलेला अर्धा खर्च वाचला असता, कारण तिथं निव्वळ घाम होता.

तिसरी फरशीची. दीड फूट चौरस पारदर्शक पन्नी फरशीवर चारी कडा चिकटवून चोवीस तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा फरशी काळवंडली तर जोत्यातून वाफ येतेय. चकचकीत टाइलमधून वाफ जवळजवळ येतच नाही, तेव्हा पन्नी सांध्यावर येईल अशी ठेवा. कोटा किंवा शहाबादी असेल तर कुठंही चालते.

चौथी टाक्यांची. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी पाहा. उतरली असेल तर पाइप कुठंतरी गळतोय. पोर्चखालचं टाकं भरून, त्याचा येणारा नळ बंद करून, चोवीस तास तसंच ठेवा. पातळी उतरली तर टाकं झिरपतंय. पावसाळ्यात कधी कधी ती चढलेली दिसते! म्हणजे बाहेरचं पाणी टाक्यात शिरतंय, आणि पिण्याच्या दृष्टीनं हे गळतीहून वाईट. शेजारी सेप्टिक टँक असेल तर बाकीचं सगळं सोडून आधी ते टाकं रिकामं करा.

शेवटची तपासणी मला सगळ्यात आवडते. जोरदार पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठं पडतं, कुठं थांबतं, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानंही कुठं डबकं उरतं, याचे मोबाइलवर फोटो काढा. दिवाळीनंतर ठेकेदार "इथं पाणी साचतच नाही" म्हणेल तेव्हा कामी येतात.

दिवाळीनंतर: आधी घराबाहेरचं पाणी

निम्म्याहून जास्त घरांत एवढ्यावरच काम भागतं, असा माझा अनुभव. म्हणून इथं कंजुषी करू नका. आतल्या भिंतीला अजून हात लावायचा नाही.

सुरुवात गच्चीपासून. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची, म्हणजे 93 चौरस मीटर. दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी त्या एका गच्चीवरून उतरतं. आणि बहुतेक घरांत पाइप जमिनीपासून फूटभर वर मोकळा सोडलेला, पाणी धो-धो जोत्याशी. पाइपच्या टोकाला कोपरा लावून पाणी बंद पाइपानं किंवा पक्क्या नालीनं किमान दहा फूट दूर न्या. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा करणार असाल तर फारच चांगलं, पण तो जोत्यापासून तीन मीटर तरी लांब हवा. जोत्याला खेटून केलेला खड्डा म्हणजे स्वतःच्या पायाला पाणी पाजणं. आमच्या लेआउटमध्ये असे दोन आहेत.

मग जोत्याभोवतीची पट्टी, म्हणजे प्लिंथ प्रोटेक्शन. काळ्या मातीवर ही नुसती सिमेंट ओतून टिकत नाही, दोन उन्हाळ्यांत तिचे तुकडे होतात. पद्धत अशी. भिंतीपासून तीन फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल काळी माती काढून टाका. ती दुसऱ्या बाजूला पसरवायची नाही, प्लॉटबाहेर न्यायची. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी शिंपडून, धुमसानं ठोकून. रेती भरू नका. रेतीतून पाणी चटकन खाली जातं आणि खड्डा बादलीसारखा भरतो. मुरमावर तीन इंच गिट्टीचा ठोकलेला थर, त्यावर दोन इंच 1:3:6 प्रमाणाचं (सिमेंट, रेती, गिट्टी) काँक्रीट. उतार घराकडून बाहेर, तीन फुटांत एक इंच. लेव्हल पाइप लावून तपासा, मिस्त्रीच्या नजरेवर सोडू नका. काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवा.

यातली सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यातला सांधा. माती हलणार, पट्टीही हलणार, भिंत हलणार नाही. तिथं सिमेंट भरलं की पहिल्याच उन्हाळ्यात चीर. काँक्रीट ओतताना भिंतीला लावून अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी ठेवा, नंतर ती वरून इंचभर कोरून काढा आणि खाचेत लवचीक सीलंट भरा. पॉलिसल्फाइडचं मिळतं, डांबरी मॅस्टिकही चालतं. पट्टीत दर पाच-सहा फुटांवर आडवा सांधा द्या.

बागेचं काय? जोत्याला लागून जास्वंद आणि अळूची रांग सगळ्यांना आवडते, मलाही आवडायची. रोज पाइपानं पाणी घातलेला तो वाफा म्हणजे वर्षभराचा पावसाळा. वाफा तीन फूट पुढं सरकवा, नाहीतर कुंड्या करा.

आता कूलर. आईचा मुद्दा. मार्चअखेरीपासून जूनपर्यंत खिडकीतला कूलर चालतो. खसची किंवा लाकडी गवताची जाळी क्षारांनी चोंदली की पाणी बाहेर उडतं, टब गळतो, आणि खिडकीखालची भिंत पावसाआधीच दोन-अडीच महिने भिजलेली असते. आमच्या पुढच्या भिंतीवर पोपड्याचा सगळ्यात मोठा पट्टा नेमका कूलरखाली होता. कूलर स्टँडवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर, थोडा बाहेरच्या बाजूला झुकलेला. टबच्या ओव्हरफ्लोला नळी जोडून ती थेट नालीत सोडा. दरवर्षी टबला डांबरी रंगाचा हात द्या. आणि पाऊस लागला की कूलरमध्ये पाणी घालणं बंद. जुलैत तो थंडावा देत नाही, फक्त वाफ देतो.

शेवटचा प्रश्न रस्त्याचा, आणि त्याला सोपं उत्तर नाही. सिमेंटचे रस्ते झाले तसं कित्येक जुन्या वस्त्यांत रस्ता वर गेला आणि अंगणं खाली राहिली. अशा घरात फाटकाशी आडवी जाळीची नाली हवी, तिच्या मागं कोबा घराकडून फाटकाकडं उतरता. तेही जमत नसेल इतकं अंगण खाली असेल, तर अंगणाच्या सखल कोपऱ्यात छोटी कुंडी आणि तिच्यात तरंगत्या फुग्यावर चालणारा पंप. अंगण भरून उंच करायचा मोह होतो. भरा, पण घरातल्या फरशीपेक्षा अंगण किमान सहा इंच खालीच राहायला हवं आणि जुना प्लिंथ बीम मातीत गाडला जाता कामा नये.

नाग नदी किंवा तिला मिळणाऱ्या नाल्यांजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी पाणी दारातून येतं तसं मोरीतून आणि संडासातूनही उलटं येतं. शेवटच्या चेंबरमध्ये, गटार लाइनला मिळण्याआधी, एकाच दिशेनं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि वर्षातून दोनदा त्यातला गाळ काढा.

फरशीखालून येणारी वाफ

पन्नीच्या तपासणीत फरशी नापास झाली, तरी लगेच उखडायला धावू नका. बाहेरचं काम करून एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या ऑगस्टात तीच तपासणी पुन्हा करा. बऱ्याचदा फरशी सुधारलेली असते.

नाहीच सुधारली, किंवा तशीही नवी फरशी घालायची आहे, तर हीच संधी. जुनी फरशी आणि खालचा चुना-रेतीचा थर काढा. खाली काळी माती निघाली तर निदान फूटभर काढून मुरूम भरा, ठोका. त्यावर सहा ते नऊ इंच उभ्या दगडांचं सोलिंग, फटींत बारीक गिट्टी. या मोठ्या दगडांच्या पोकळ्यांतून पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढू शकत नाही, हेच सोलिंगचं खरं काम. मिस्त्रीला ते फक्त मजबुतीचं वाटतं, म्हणून तो फटींत माती कोंबतो आणि सगळं मुसळ केरात.

सोलिंगवर दोन इंच बारीक काँक्रीट सपाट करून घ्या, म्हणजे दगडाची टोकं पन्नीला भोसकणार नाहीत. मग 250 मायक्रॉनची पॉलिथिन पन्नी. दुकानात तिला हजार गेज म्हणतात. एका पट्टीवर दुसरी फूटभर चढवा आणि सांधे टेपनं बंद करा. भिंतीपाशी पन्नी फरशीच्या उंचीपर्यंत वर वळवा. वळवलेली ही कड कापून "साफ" करायची मिस्त्रीला फार घाई असते. ती कापली तर वाफ कडेकडेनं भिंतीत जाते. तुम्ही पन्नी टाकायच्या दिवशी रजा घेऊन घरी थांबा. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट आणि मग फरशी. पन्नीवरून घमेली घेऊन चालणाऱ्यांना आधी फळ्या टाकून द्या.

फेब्रुवारी ते मे: भिंत उघडी करून वाळवणे

आता भिंत. ओलीच्या रेघेच्या वर दीड फुटापर्यंत प्लास्टर पूर्ण काढा, विटा दिसेपर्यंत. सांधे अर्धा इंच खोल कोरा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा आणि खाली पडलेली भुकटी सुपलीत भरून बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत विटेत जातात आणि सुकल्यावर पुन्हा बाहेर येतात. आम्ही एकदा ॲसिडनंही धुतलं होतं. विटा आणखी भुसभुशीत झाल्या, बाकी काही नाही.

डीपीसी नसलेल्या किंवा गाडल्या गेलेल्या घरात आता भोकं पाडून रासायनिक अडसर भरता येतो. सिलेन-सिलोक्सेनची क्रीम मिळते. बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वर, शक्यतो विटांच्या आडव्या सांध्यात, 12 मिलिमीटरची भोकं, दर चार ते पाच इंचांवर एक. नऊ इंची भिंतीत भोक साडेसात इंच खोल, म्हणजे पलीकडं न फुटता जवळपास पूर्ण. फुंकणीनं आतली भुकटी काढा, क्रीम भोकाच्या तळापासून भरत बाहेर या, तोंड मसाल्यानं बंद करा. ती हळूहळू विटेत पसरते आणि रंध्रांना पाणी नकोसं करते. रंध्रं बुजत नाहीत, पाणी चढणं थांबतं. दगडी जोत्यात किंवा महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या रुंद, आत भर घातलेल्या भिंतींत हा उपाय बेभरवशाचा आहे. तिथं बाहेरचा निचरा आणि चुन्याचा गिलावा एवढ्यावर भर द्या.

यानंतर भिंतीला उघडं ठेवायचं. पाहुणे येतील, नाकं मुरडतील. ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या दर इंच जाडीला एक महिना, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. आपला उन्हाळा हे काम बऱ्यापैकी लवकर उरकतो, पण फेब्रुवारी ते मे हे चार महिने तरी द्याच. मार्चनंतरची कोरडी हवा फुकटात मिळालेलं यंत्र आहे. त्या खोलीत निदान या वर्षी कूलर चालवू नका.

मेअखेरीस प्लास्टर. सिमेंटच्या घरात एकास चार, कन्हान नदीची धुतलेली चाळलेली रेती, आणि वॉटरप्रूफिंग कंपाउंड. बहुतेक द्रव कंपाउंडचं माप 50 किलोच्या गोणीला 200 मिलिलिटर असतं, पण डब्यावरचं वाचा आणि आयएस 2645 या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का तेही पाहा. "अंदाजे टाकतो साहेब" चालवून घेऊ नका. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर मात्र सिमेंट लावूच नका. चुना श्वास घेतो, सिमेंट कोंडतं, आणि कोंडलेली ओल वरच्या मजल्याकडं चढते. माझ्या टाइल्सनी केलं तेच.

खालच्या तीन फुटांत पीओपी, जिप्सम किंवा पुट्टी नको. प्लास्टर फरशीला टेकवू नका, अर्धा इंच वर थांबवा आणि ती फट स्कर्टिंगनं झाका.

तळघर, जिन्याखालची खोली, पोकळ ओटा

उताराच्या प्लॉटवर बांधलेल्या घरांत ओट्याखाली बुटकी पोकळी उरते. तिथं जुने कूलर, सायकली आणि गहू भरायच्या रिकाम्या कोठ्या पडलेल्या असतात. परदेशी व्हिडिओतला सल्ला लागू पडतो तो इथंच, फक्त थोडा बदलून.

मोकळी माती असेल तर तिच्यावर तीच 250 मायक्रॉनची पन्नी, भिंतीवर सहा इंच चढवलेली, वर विटा किंवा पातळ कोबा. मातीतून निघणारी वाफ तिथंच थांबते. पन्नी घालण्याआधी पाणी साचत नाही ना ते पाहा. साचत असेल तर आधी सखल कोपऱ्यात कुंडी आणि पंप.

मग जाळ्या. आपल्याकडचा पक्का समज असा की हवा खेळती ठेवली की ओल जाते. ऑक्टोबर ते मे अगदी खरं. जुलै-ऑगस्टात उलटं होतं. 30 अंश तापमानाची, 80 टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा 26 अंशांच्या भिंतीला टेकली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. तळघराच्या भिंती तेवढ्या गार असतातच. म्हणजे खिडकी उघडून तुम्ही ओल आत बोलावताय. या पोकळीच्या जाळ्यांना आतून झडपा लावा. पाऊस लागला की बंद, दसऱ्याला उघडायच्या. वापरातलं तळघर असेल तर झडपा बंद ठेवून डिह्युमिडिफायर चालवा आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत ठेवा. त्याचं पाणी नळीनं बाहेर सोडा, बादली रोज उपसायचा उत्साह आठवडाभरच टिकतो. ज्या पोकळीत इन्व्हर्टरची बॅटरी किंवा गॅस सिलिंडर आहे ती मात्र कधीच बंद करू नका. तशी वस्तू तिथून हलवायलाच हवी.

पावसाळ्यातला घाम

वरच्या हिशेबातच घरातल्या घामट फरशीचं उत्तर आहे. दोन-तीन दिवसांची झड संपून दुपारी ऊन-सावली सुरू होते तेव्हा फरशी अजून गार असते आणि हवा गरम-दमट. त्या दोन-तीन तासांत खिडक्या बंद, पंखा चालू. रात्री किंवा पहाटे बाहेर गार झालं की उघडा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ काही शे रुपयांत मिळतं. एक आत, एक बाहेर ठेवून आठवडाभर पाहिलं की आपल्या घराची वेळ कळते. एसी असेल तर ड्राय मोड दिवसातून दोन तास पुरतो.

घरात वाळत घातलेले कपडेही विसरू नका. एका मोठ्या धुण्यातून दोनेक लिटर पाणी खोलीत जातं. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढं ओढा. गाद्या जमिनीवर रचू नका.

वाळवी

ओल्या जोत्यात वाळवी, आपली उधई, येणारच. फरशी उखडलेली असताना औषध मारून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. नंतर करायचं तर आयएस 6313 च्या पद्धतीनं फरशी आणि भिंतीच्या सांध्यात दर फुटावर 12 मिलिमीटरचं भोक आणि प्रत्येक भोकात लिटरभर औषधी पाणी. भोकं मोजा आणि किती लिटर वापरलं तेही विचारा. दोन आकडे जुळले पाहिजेत. टाकं किंवा विहीर जवळ असेल तर आधी सांगा, तिकडच्या बाजूला औषध मारायचं नसतं. हे काम रासायनिक अडसराची क्रीम भरण्याच्या आधी उरका.

ठेकेदाराशी बोलताना

भिंत पाहताच "दहा वर्षांची गॅरंटी" देणाऱ्याला चहा पाजून रवाना करा. जो आधी घराभोवती चक्कर मारतो, पाइप कुठं सुटतो ते पाहतो, त्याचं ऐका. एकाच माणसाला सगळं काम देऊ नका. बाहेरच्या पट्टीचं आणि नालीचं काम संपल्याशिवाय आतल्या भिंतीचे पैसे ठरवू नका. कोटेशनवर प्रत्येक थराची जाडी, पन्नीचे मायक्रॉन, भोकांतलं अंतर आणि कंपाउंडचं माप लिहून घ्या. "वॉटरप्रूफिंग, एकूण रक्कम इतकी" असा एका ओळीचा कागद परत करा.

रंगाचं म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यात त्या भिंतीवर नुसता चुना मारा. स्वस्त आहे, श्वास घेतो, आणि ओल आलीच तर लगेच काळा पडून सांगतो. ऑगस्टात जुन्याच जागी फॉइल चिकटवा. पेन्सिलच्या रेघा प्लास्टरबरोबर गेलेल्या असतात, म्हणून त्यांची उंची आधीच दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. आमच्या चौकटीवर तीन वर्षांच्या तारखा आहेत. पहिल्या वर्षीची रेघ 34 इंचांवर, दुसऱ्या वर्षीची 11 इंचांवर, तिसऱ्या वर्षी नुसती तारीख. त्या दिवाळीलाही आम्ही थांबलो, आणि रंगवाल्याला बोलावलं ते फेब्रुवारीत.